आपल्या रानातलं पाणी

पाणाड्या सर आधी स्वतःचं डोकं मशीनमध्ये घालायचे, मग गावाचं. दर सोमवारी सकाळी, पेशंट यायच्या आत, ते खिसे रिकामे करत. किल्ल्या, चिल्लर, चुरगळलेलं एसटीचं तिकीट, सुपारीची पुडी आणि अडकित्ता, सगळं टेबलावर. चष्मा माझ्या हातात. मग चपला काढून देवळात शिरावं तसे आत शिरत, एमआरआयच्या फळीवर उताणे पडत आणि स्पीकरवरून आवाज येई, "हं बीएस्सी, सोड पाणी." म्हणजे मी बटण दाबायचं. मशीन डिझेल इंजिनासारखी धडधडू लागली की सर हातपाय सैल सोडून पडत आणि पापणीसुद्धा हलू देत नसत.

अडकित्ता खिशाबाहेर ठेवायची शिस्त त्यांना मशीननंच लावली होती. पहिल्याच दिवशी तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून उडाला आणि खण्णकन चुंबकाला जाऊन चिकटला. आम्ही सगळे दचकलो. सर मात्र खूश. म्हणाले, "त्याला पाणी लागलं."

बीएस्सी म्हणजे मी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील कर्जतच्या बाजारात हमाल, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला. मी फिजिक्स घेऊन पास झाले तेव्हा वस्तीतल्या विहारात माझा सत्कार झाला होता. नगरमधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यानं परदेशातून जुनी एमआरआय मशीन आणली आणि मला तिथं टेक्निशियनची नोकरी लागली. सरांनी नाव विचारलं, तर मी नाव सांगून त्याच्या शेपटाला बी.एस्सी. लावली. लोक अशा वेळी गालात हसतात, ते मला माहीत होतं. सर हसले नाहीत. म्हणाले, "नाव काय, कुणीही ठेवतं. बीएस्सी तू स्वतः झालीस. मी तेच म्हणणार." आणि शेवटपर्यंत तेच म्हणाले. शेवटचे काही महिने सोडले तर. त्याबद्दल पुढं सांगते.

सर पाथर्डीकडचे. त्यांचे वडील, आबा, खरोखरीचे पाणाडे. उंबराची बेचकी दोन्ही हातांत धरून शिवारात फिरायचे. जिथं बेचकीचं टोक खाली ओढायचं, तिथं लोक विहीर पाडायचे. कधी पाणी लागे, कधी नुसता खडक. शाळेत पोरं सरांना 'पाणाड्याचं पोरगं' म्हणून चिडवत आणि सरांना ते लई लागायचं. ते मुंबईला जाऊन फिजिक्स शिकले, तिथंच चुंबकावर संशोधन केलं, नगरला परत येऊन कॉलेजात शिकवू लागले, आणि दवाखान्याची मशीन आल्यावर ट्रस्टवाल्यांनी ती नीट ठेवायला त्यांनाच बोलावलं. कॉलेजच्या पोरांनी एकदा विचारलं, सर, तुम्ही दवाखान्यात करता काय? सर म्हणाले, माणसाच्या डोक्यातलं पाणी बघतो. झालं. पाणाड्या हे नाव आबांच्या मागं गावात पुरलं होतं, ते नगरला पुन्हा उगवलं. या खेपेला सरांना ते लागलं नाही. उलट फोनवर सांगत, "हां, पाणाड्या बोलतोय."

आबांचा एक नियम सर वरचेवर सांगायचे. पाणाड्यानं आपल्या रानात पाणी बघायचं नाही. आपल्या रानासाठी दुसऱ्या गावचा पाणाड्या बोलवायचा. सरांनी लहानपणी कारण विचारलं होतं, तर आबा म्हणाले, "आपल्या रानात काडी बोलत न्हाई, आपली हाव बोलती." बेचकी-बिचकीवर सरांचा विश्वास नव्हता. पण हे वाक्य मात्र ते फिजिक्सचा नियम सांगावा तसं सांगत.

आता त्यांचं काम काय होतं ते सांगते. अवघड नाही. मला कळलं, तर कुणालाही कळेल. एमआरआय म्हणजे डोक्यातल्या पाण्याचा फोटो. त्यात काही भाग पांढरा येतो, काही काळा, आणि डॉक्टर डोळ्यांनी बघून ठरवतात की इथं जरा जास्त पांढरं दिसतंय. सरांना हे 'जरा जास्त' सोसायचं नाही. म्हणायचे, "कपाळाला हात लावून आईला ताप कळतो. पण किती ताप, ते थर्मामीटर सांगतो. मला डोक्याच्या कणाकणाला थर्मामीटर लावायचाय." म्हणजे नुसता फोटो नको, आकडे हवेत. चुंबकानं डिवचलेलं पाणी किती वेळात शांत होतं, याचा प्रत्येक ठिपक्याला एक आकडा. ते पाणी तिथल्या तिथं किती सरकतं, याचा दुसरा. त्या आकड्यांचा नकाशा काढायचा. आजारानं फोटोत रंग दाखवायच्या आधी आकडा हलला पाहिजे, असा त्यांचा हिशेब.

या पाण्याच्या सरकण्याला इंग्रजीत मोठा शब्द आहे. सर तो माझ्यासमोर कधी वापरत नसत. म्हणायचे, "आपल्याकडं शब्द असताना उसना कशाला? मुरणं. पाणी मुरतं." मेंदूत धाग्यांचे जुडगे असतात. पाणी त्या धाग्यांच्या लांबीनं पळतं, आडवं फारसं जात नाही. हे शिकवायला त्यांनी कागद घेतला, मग माझ्याकडं बघितलं आणि पेन खाली ठेवलं. "दारं धरलीत का कधी रानात?" मी म्हटलं, धरलीत की, सुट्टीत आईबरोबर, दुसऱ्यांच्या उसाला सऱ्यांतून पाणी सोडायला. "मग संपलं. सरीनं पळतं, वरंब्यात मुरतं. मेंदू म्हणजे सरी-वरंबा." पायाखाली चिखल आणि हातात फावडं घेऊन जे शिकले होते, ते डिग्रीच्या कामाला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना माझी मान जरा ताठच होती.

सरांना घाई होती. पूर्वी असा एक नकाशा काढायचा तर माणसाला कितीतरी वेळ निश्चल पडून राहावं लागे. तेवढा वेळ फक्त दगड पडून राहतो. मुरण्याचा नकाशा तर इतका नाजूक, की माणूस खोकला तरी सगळं पुसलं जाई. म्हणून सर कमी फोटोंत काम भागवायची युक्ती शोधत. कोणते फोटो लागतातच आणि कोणते नुसते हौसेचे, यावर त्यांचा जीव अडकलेला. त्यांचं माप चहाचं होतं. आत जाताना ते शिपाईमामांना चहा आणून टेबलावर ठेवायला सांगत. बाहेर आले की आधी कपाला हात लावत. चहा गार झाला असेल तर तोंड कडू करून म्हणत, "हरलो." तसाच पिऊन टाकत आणि फळ्याकडं वळत. कधी साय धरलेला, कधी कोमट. नुसत्या वाफेवरून आमचं संशोधन कुठवर आलंय ते शिपाईमामासुद्धा सांगायचे.

घाईचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांच्या आईला लकवा झाला, तेव्हा पाथर्डीहून जीपनं नगर आणि नगरहून मुंबई असं करत तिला नेलं. तिथं मशीनमध्ये घातलं, तर ती आतून एकसारखी सरांना हाक मारत राहिली आणि हाक मारताना डोकं हलत राहिलं. फोटो विस्कटला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा घेऊ. "पुन्हा काही घेतला नाही," सर म्हणाले आणि अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले.

आमच्याकडं फोटो वाचायला ज्या डॉक्टर होत्या, त्यांना आम्ही मॅडम म्हणायचो. नगरच्याच, शिस्तीच्या, आणि सरांवर जीव असलेल्या. त्यांनी सरांना नातेवाइकांशी बोलायला बंदी केली होती. त्याचं असं झालं. पाथर्डीकडचा एक ऊसतोड कामगार आला होता, ट्रॉलीवरून पडून डोक्याला मार लागलेला. सरांनी मॅडमना विचारून त्याचा नकाशा काढला. सगळं ठीक होतं. सर आनंदानं बाहेर गेले आणि त्याच्या बायकोला म्हणाले, "काळजी करू नका, डोक्यात सगळीकडं पाणी फिरलंय." त्या बाईनं तिथंच जमिनीवर बसकण मारली. "आवं सायेब, पाणीच फिरलं म्हंता, मंग आता ऱ्हायलं काय?" सर गोंधळले. सावरायला म्हणाले, नाही हो ताई, चांगलं मुरतंय. मग तिचा भाऊ उठला. "कुठं पानी मुरतंय? कोन काय लपवतंय आमच्यापून?" शेवटी मॅडम धावत आल्या आणि नवरा धडधाकट आहे हे त्यांनी समजावून सांगितलं. नंतर सरांना आत नेऊन म्हणाल्या, "सर, पाण्याबद्दल एक अक्षर नाही. बरं हाय, एवढंच म्हणायचं." तेव्हापासून सर व्हरांड्यातून जाताना प्रत्येक बाकड्याशी थांबून तेवढंच म्हणत, "बरं हाय, बरं हाय." ज्यांचं बरं नसे, त्यांच्या बाकड्यापाशी ते मान खाली घालून भरभर पुढं जात. लोकांना ते कळू लागलं. लोक मॅडमच्या रिपोर्टच्या आधी सरांच्या चालीकडं बघायचे.

आकडे आले की मापही लागतं. चांगल्या डोक्याचा आकडा किती, हे माहीत नसेल तर वाईट कसं ओळखणार? मशीन ठीक चालते का बघायला एक निळी बाटली होती. सलाइनच्या बाटलीत पाणी आणि चिमूटभर मोरचूद, द्राक्षाच्या बागेवर मारतात तोच. तिचा आकडा ठरलेला. आणि चांगल्या डोक्याचं माप म्हणजे सरांचं डोकं. म्हणूनच दर सोमवारी आधी बाटली, मग सर. पेशंटचा आकडा सरांच्या आकड्याशी ताडून बघायचा. मॅडम चिडवत, "म्हणजे नगर जिल्ह्यात शहाणं डोकं एकच." सर गंभीरपणे म्हणत, "दुसरं सापडेपर्यंत."

मग एका सोमवारी सरांचा आकडा हलला.

फार नाही. डाव्या कानाच्या वर, आतल्या बाजूला, सुपारीएवढ्या जागेत पाणी जरा जास्त मोकळं वाटत होतं. सरीतलं पाणी वरंबा भिजवून पलीकडं झिरपावं, तसं. सरांनी बघितलं आणि म्हणाले, मशीन बिघडली. मलाही तेच वाटलं. दुसरं काही वाटायचं कारणच नव्हतं. माप कधी चुकतं का? चुकतो तो ताजवा. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. सर म्हणाले, चुंबकाला त्या कोपऱ्यात खोट आली असणार. त्यांनी बाह्या सरसावल्या. तारा तपासल्या, खोलीतला गारवा वाढवून बघितला, कमी करून बघितला. रस्त्यावरून लष्कराच्या जड गाड्या जातात, त्यांचा हादरा असेल म्हणाले. मशीन ज्यांनी पाठवली त्यांना फोन करून भांडले. निळी बाटली त्या कोपऱ्यात ठेवली, तर तिचा आकडा बरोबर. मग म्हणाले, बाटली लहान आहे, डोकं मोठं असतं. किती आठवडे आम्ही त्या मशीनला शिव्या घातल्या असतील! ती बिचारी खरं सांगत होती.

शेवटी सरांनी मला आत झोपायला सांगितलं. बाहेर ते बसले. माझं झाल्यावर मी पडद्याकडं यायच्या आत त्यांनी नकाशा पुसला होता. म्हणाले, तुझं स्वच्छ आहे. अडकित्ता हातात होता, सुपारी नव्हती. नुसताच उघडत होते, मिटत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पेशंट संपल्यावर, त्यांनी शिपाईमामांना चहा सांगितला आणि खिसे रिकामे केले. सोमवार नव्हता. मला म्हणाले, आज पालथा झोपतो. मी विचारलं, कशाला? तर वर्गात पोरांना समजावतात तसं शांतपणे समजावलं. माणूस पालथा झाला की त्याची डावी बाजू मशीनच्या उजवीकडं जाते. खोट मशीनमध्ये असेल तर डाग होता तिथंच राहील. खोट डोक्यात असेल तर डाग डोक्याबरोबर फिरेल. एवढं सांगून चष्मा माझ्या हातात दिला. छातीखाली उशी, कपाळाखाली घडी घातलेला टॉवेल. "सोड पाणी," म्हणाले.

मी सोडलं. धडधड झाली, थांबली. नवी युक्ती त्यांनी त्याच आठवड्यात बसवली होती, त्यामुळं फार वेळ लागला नाही. पडद्यावर नकाशा वरून खाली एकेक ओळ उतरू लागला. मी मनात म्हणत होते, तिथंच राहा, तिथंच राहा. एका यंत्राचं वाईट व्हावं म्हणून मी आयुष्यात तेवढीच एक प्रार्थना केली.

"बीएस्सी, डाग कुठं हाय?"

दवाखान्यात सर कधी गावची भाषा बोलत नसत, 'बरं हाय' सोडून. मी म्हणाले, सर, बाहेर या, मग बघू.

"इचारलं ते सांग. मशीनच्या डाव्या अंगाला हाय, का उजव्या?"

"उजव्या."



"म्हंजे माझ्या डाव्या."

"हो सर."

"चला," सर म्हणाले. "मशीन चांगली हाय."

ते बाहेर आले, चपला घातल्या, चष्मा घेतला. सवयीनं कपाला हात लावला आणि तसाच ठेवला. "गरम हाय की गं," म्हणाले. कपातून वाफ येत होती. इतकी वर्षं ज्या चहासाठी झुंजले, तो जिंकलेला चहा समोर होता. त्यांनी बशीत ओतला, अर्धा मला दिला आणि आम्ही दोघांनी तो उभ्यानं प्यायला. मला चव काही लागली नाही. बशी ठेवताना म्हणाले, "आबांचं ऐकायला पाहिजे होतं. एवढे दिवस काडी बोलत नव्हती बीएस्सी. मीच बोलत होतो."

मॅडमनी त्याच दिवशी नेहमीचे फोटो काढून पुन्हा पुन्हा बघितले. त्या खरं बोलणाऱ्या बाई. म्हणाल्या, "माझ्या डोळ्याला यात काहीही दिसत नाही सर. पण तुमच्या आकड्याला खोटं म्हणायला माझ्याकडं आधार नाही." त्यांनी मुंबईला चिठ्ठी दिली. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनाही आधी काही दिसलं नाही. सर मात्र जात राहिले, आणि पाऊस संपता संपता ते डोळ्यांना दिसलं. डोकं उघडून तुकडा काढला, तपासला. गाठ होती. गाठ म्हणायची, पण गाठीसारखी एका जागी बांधलेली नाही. पाण्यासारखी मुरलेली. कुठवर मेंदू आणि कुठून ती, ते वेगळं काढता येत नव्हतं. सरांनी तिला सगळ्यांच्या आधी गाठलं होतं. त्याचा त्यांना उपयोग झाला नाही. मी चिडून मॅडमना म्हणाले होते, मग एवढ्या लवकर कळून फायदा काय? उत्तर सरांनी दिलं. "पाणाड्या जागा दाखवतो. विहीर पाडणारे अजून यायचेत."

तरी जमेल तेवढी गाठ काढायचं ठरलं. त्या ऑपरेशनला जायच्या आधी त्यांनी माझ्याकडं काम सोपवलं. म्हणाले, आता सोमवारी तू झोपायचं. माप तुझं. मी खरंच घाबरले. माझं डोकं? आमच्या घरात आजवर डोक्याचा उपयोग पोती वाहायला झाला होता. माझ्या वडिलांच्या डोक्यावर चुंबळीचा कायमचा वळ आहे. त्यांच्या पोरीचं डोकं चांगल्या डोक्याचं माप धरायचं, आणि त्यावरून वकील, जमीनदार, सगळ्यांची डोकी ताडायची? मी असंच काहीतरी बोलून गेले. सर म्हणाले, "का? काय वाईट आहे त्या डोक्याला? मी बघितलंय." मग बोट उगारून म्हणाले, "पण एक. तुझं तू बघायचं नाही. मॅडमना बसव. आपलं रान दुसऱ्यानं बघायचं." मी शब्द दिला. वडिलांना सांगितलं, तर त्यांना नीट कळलं नाही. पण बाजारात सांगत सुटले, की नगरात आता सगळ्यांची डोकी आमच्या पोरीच्या डोक्यावर मोजत्यात.

ऑपरेशननंतर सर परत आले ते शब्द कमी घेऊन. डावी बाजू बोलण्याची असते, ते त्यांनीच मला शिकवलं होतं. आधी नावं गेली. चमच्याला किल्ली म्हणत, किल्लीला दार. मला बघून त्यांचा चेहरा उजळायचा, तोंडात काहीतरी जुळवायचे आणि म्हणायचे, "एसटी, ये." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा त्यांना स्वतःलाच हसू फुटलं, मलाही. काकू, म्हणजे त्यांच्या बायको, पदर तोंडाला लावून आत गेल्या. मग एसटीच राहिलं. मी त्या हाकेलाही ओ दिली. डिग्री माझी होती, ती कुठं जात नव्हती.

पुढं एसटीही गेलं. नगरातल्या सावेडीला त्यांच्या घरी मी रविवारी जाई, तर सर खिडकीशी बसलेले असत. मी बोलायची, ते ऐकायचे. अमुक पेशंट आला होता, नकाशा काढला, शिपाईमामांचा चहा गरम होता. ते चहाचं ऐकलं की डोळ्यांनी हसायचे. एकदा त्यांनी पाण्याचा पेला माझ्या हातातून घेतला, बोट बुडवलं आणि खाली अंथरलेल्या गोणपाटावर एक थेंब सोडला. थेंब सुतासुतानं लांब पसरला. सर माझ्याकडं बघत राहिले. वर्गात फळ्यावर सोडलेली रिकामी जागा पोरांनी भरावी म्हणून मास्तर थांबतो ना, तसे थांबले होते. मी म्हणाले, "मुरतंय सर." त्यांनी मान हलवली आणि पेला परत दिला.

शेवटची गेले तेव्हा थंडी सरत आली होती. काकू दारातच म्हणाल्या, बरेच दिवस झाले, शब्द म्हणून नाही. मी बरोबर एक फिल्म नेली होती. त्या सोमवारचा माझ्या डोक्याचा नकाशा. मॅडमनी बघितला होता. मी बघितला नव्हता. पाकिटातून काढताना मी मान दुसरीकडं वळवली. काकूंना वाटलं मी रडतेय. मी रडत नव्हते, शब्द पाळत होते.

सरांनी फिल्म दोन्ही हातांनी धरली आणि खिडकीच्या उजेडापुढं नेली. मी फक्त त्यांचा चेहरा आणि हात बघत होते. पूर्वी सोमवारी असायचा तसाच, ओठ मुडपलेले, एक डोळा बारीक. त्यांचं बोट एकेका सरीवरून फिरत होतं. उजवीकडून सुरू करून डावीकडं गेलं, आणि डाव्या कानाच्या वर, तिथंच, थांबलं. पुढं सरकेना. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभी राहिले. एवढी भीती मला कुठल्या परीक्षेच्या निकालाची वाटली नव्हती.

मग त्यांनी फिल्म खाली केली. माझ्याकडं वळून तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"बरं," सर म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "हाय."

काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

उन्हाळा लागायच्या आत सर गेले. व्हरांड्यात बाकड्यावर बसलेल्या लोकांना मीच सांगितलं, तर पाथर्डीकडची एक म्हातारी म्हणाली, "बरं हाय म्हननारा मास्तर व्हय? आरारा." पुढं जुनी मशीन गेली, नवी आली. ती आकडे आपले आपण काढते, आणि चहा कपात ओतेपर्यंत नकाशा हातात देते. नवीन पोरं येतात, त्यांना मी सरी-वरंबा सांगते. काहींना कळतं, काहींनी रान बघितलेलं नसतं.

दर सोमवारी मी अजून खिसे रिकामे करते आणि आत झोपते. बाहेर दुसरं कुणीतरी बसतं. माझं डोकं मी आजवर बघितलेलं नाही. ती फिल्म काकूंकडंच राहिली, मी मागितली नाही. सरांनी बघितलं आणि बरं हाय म्हणाले. तेवढं बास.